चरबीची गोळी चालू आहे? मग नवीन औषध घेण्याआधी एवढं तपासा

तालुक्याच्या गावात मेडिकल चालवताना एक गोष्ट वारंवार दिसते. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू असते. त्रास सुरू होतो तो दुसऱ्याच दुखण्यासाठी आलेल्या औषधानं. गजकर्णाची गोळी, घशाचं अँटिबायोटिक, गुडघ्यासाठी कुणीतरी सुचवलेली पुडी. लिहून देणारा डॉक्टर वेगळा असतो, आणि ‘आधीच्या गोळ्या कोणत्या?’ असं विचारलं की पेशंट ‘बीपीची आन् शुगरची’ एवढंच सांगतो. रात्री जेवणानंतरची ती लहानशी गोळी मोजायचीच राहून जाते.

हा लेख तिच्यासाठी आहे. घरातली जी व्यक्ती आई-वडिलांना, सासू-सासऱ्यांना दवाखान्यात नेते, तिनं तो आवर्जून वाचावा. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो: यातलं काहीही वाचून चालू स्टॅटिन स्वतःच्या मनानं बंद करू नका. ज्यांना हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्टेंट बसलाय किंवा लकवा मारून गेलाय, त्यांच्यासाठी ही गोळी जीव राखणारी आहे.

पहिली पायरी: गोळी ओळखा

घरातल्या सगळ्या गोळ्यांची कॅरीबॅग टेबलावर रिकामी करा. फ्रिजवरच्या, देव्हाऱ्याशेजारच्या, पाकिटात ठेवलेल्या, सगळ्या. प्रत्येक स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, ते सोडा. त्याखाली बारीक अक्षरात घटक-औषधाचं नाव असतं, ते वाचा. तिथे अ‍ॅटोर्वास्टॅटिन, रोसुवास्टॅटिन, सिम्वास्टॅटिन, पिटावास्टॅटिन, प्रावास्टॅटिन यांपैकी काही असेल तर ती स्टॅटिन. आपल्याकडे बहुतेकांकडे पहिल्या दोनपैकीच एक निघते. शेजारी मिलिग्रॅमचा आकडा असतो. तोही लिहून घ्या, कारण पुढचे बरेच नियम त्या आकड्यावर अवलंबून आहेत.

इथे आमच्याच धंद्यातली एक अडचण आहे. पाच-सहा गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कात्रीनं कापून दिली जाते आणि नावाचा तुकडा दुकानातच राहतो. घरी जातो तो नुसता चंदेरी तुकडा, त्यावर अर्धवट ‘...टिन’. पुढच्या डॉक्टरला त्यावरून काय कळणार? म्हणून कापून घेतलीत तरी पूर्ण स्ट्रिपचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या, नाहीतर नाव आणि मुदतीची तारीख असलेलाच भाग मागून घ्या. सरकारी दवाखान्यातून किंवा जनऔषधी केंद्रातून गोळी घेत असाल तर कंपनीचं नाव दर वेळी बदलू शकतं, घटकाचं नाव बदलत नाही. लक्षात ठेवायचं ते तेच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. स्टेंट बसवून आलेल्यांना अनेकदा एकच कॅप्सूल दिलेली असते, तिच्यात अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि स्टॅटिन असं तिन्ही असतं. घरात तिला ‘रक्त पातळ व्हायची गोळी’ म्हणतात. मोठ्या शहरातून ती कॅप्सूल घेऊन आलेला पेशंट गावाकडच्या डॉक्टरला नुसता लिपिडचा (रक्तातल्या चरबीचा) रिपोर्ट दाखवतो, डॉक्टर रोसुवास्टॅटिन लिहून देतात, आणि माणूस रोज दोन स्टॅटिन घेऊ लागतो. फेनोफायब्रेट किंवा एझेटिमाइब या चरबीच्याच दुसऱ्या औषधांसोबतही स्टॅटिनच्या जोडगोळ्या येतात. एकाच माणसाच्या दोन स्ट्रिपवर स्टॅटिन दिसली तर वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

रोसुवास्टॅटिनचा आकडा मोठा, म्हणजे २० किंवा ४० असेल, तर एक गोष्ट माहीत हवी. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात या औषधाचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट होतं, म्हणून आपल्यासारख्यांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असा सल्ला असतो. मोठा डोस चूकच आहे असं नाही, पण त्यावर दुसरं औषध चढलं तर हाताशी वाव कमी उरतो.

भानगड नेमकी कुठे होते

अ‍ॅटोर्वा आणि सिम्वा या गोळ्या यकृतात आणि आतड्यात सीवायपी ३ए४ नावाच्या विकराकडून (एन्झाइमकडून) मोडल्या जातात. काही औषधं या विकराचं काम अडवतात. ऐन गाळपात साखर कारखाना बंद पडला तर ऊस यायचा थांबत नाही, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग वाढत जाते. तसंच रोजची गोळी पोटात जात राहते, मोडली मात्र जात नाही, आणि रक्तातलं प्रमाण तिपटी-चौपटीवर जातं. वाढलेली स्टॅटिन स्नायूंना इजा करते. इजा फार झाली तर स्नायू विरघळून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात जातं आणि मूत्रपिंड बंद पडू शकतं. हे क्वचित घडतं, पण घडतं. ऑगस्ट २००१ मध्ये बायर कंपनीनं सेरिवास्टॅटिन ही स्टॅटिन बाजारातून मागे घेतली ती याच कारणानं. जेमफायब्रोझिल या दुसऱ्या चरबीच्या औषधासोबत ती घेणाऱ्यांना सगळ्यात जास्त धोका झाला होता.

रोसुवा या विकरावर फारशी अवलंबून नाही, म्हणून काही बाबतीत ती सोयीची पडते. तिच्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या पुढे येतील.

दुसरी पायरी: नवीन चिठ्ठीवर ही नावं शोधा

सगळ्यात आधी गजकर्ण. गेल्या काही वर्षांत नायटा, गजकर्ण, जांघेतली खाज बरी व्हायचं नाव घेत नाही, घरातल्या सगळ्यांना एकामागून एक होते. त्यावर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल कित्येक आठवडे दिल्या जातात. मराठवाड्यात स्टॅटिन घेणाऱ्या माणसाला भेटणारी सगळ्यात मोठी अडचण हीच, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण ही कॅप्सूल चिठ्ठीशिवायही मागितली जाते. ‘शेजाऱ्याला फरक पडला, तीच द्या.’ इट्राकोनॅझोलमुळे अ‍ॅटोर्वाचं प्रमाण तिपटीहून जास्त वाढतं, सिम्वाचं दहापटींहून जास्त. सिम्वासोबत ही कॅप्सूल चालतच नाही. अ‍ॅटोर्वा २० मिलिग्रॅमच्या वर असेल तर दोन्ही एकत्र नकोत, आणि २० किंवा त्याखाली असेल तरी डॉक्टरांना माहीत असूनच घ्यावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एक सकाळी घेतो, एक रात्री घेतो’ यानं काहीही साधत नाही. इट्राकोनॅझोल विकराला दिवसभर अडवून ठेवतं. कोर्स संपल्यावरही त्याचा अंमल आठवडा-दोन आठवडे राहतो. मग करायचं काय? त्वचेच्या डॉक्टरांना ‘मला स्टॅटिन चालू आहे’ एवढं वाक्य सांगा. त्यांच्याकडे वाटा आहेत: टर्बिनाफिनची गोळी या विकराच्या आड येत नाही. कोर्सपुरती स्टॅटिन थांबवता येते किंवा बदलता येते. रोसुवावर इट्राकोनॅझोलचा परिणाम थोडाच होतो. नुसतं वरून लावायचं मलम असेल तर सहसा काळजीचं कारण नाही. फ्लुकोनॅझोलची एखादी गोळी वेगळी आणि आठवड्यामागून आठवडे चाललेला कोर्स वेगळा. दुसऱ्या बाबतीत विचारून घ्या.

दुसरं नाव क्लॅरिथ्रोमायसिन. छातीच्या, घशाच्या संसर्गाला दिलं जातं, आणि पोटातल्या एच. पायलोरी जंतूंसाठी जो किट मिळतो त्यातही असतं. किटमध्ये तीन वेगवेगळ्या गोळ्या एका पुड्यात असल्यानं हे नाव नजरेतून सुटतं. ८० मिलिग्रॅम अ‍ॅटोर्वासोबत यानं प्रमाण साडेचार पटीपर्यंत गेल्याची नोंद आहे. नियम इट्राकोनॅझोलसारखाच: सिम्वासोबत नाही, अ‍ॅटोर्वा २० च्या वर नाही. एरिथ्रोमायसिनही त्याच घराण्यातलं. त्याच कुळातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन मात्र हा विकर फारसा अडवत नाही, त्यामुळे सर्दी-खोकल्याला सरसकट मिळणाऱ्या त्या तीन-पाच गोळ्यांची एवढी धास्ती नको. अमोक्सिसिलिननं अडत नाही. फ्युसिडिक अ‍ॅसिडचं मलम चालतं, त्याची पोटात घ्यायची गोळी स्टॅटिनसोबत अजिबात चालत नाही.

क्षयाचं औषध उलट्या दिशेनं काम करतं. रिफाम्पिसिन हा विकर वाढवतं, म्हणून अ‍ॅटोर्वा शरीरातून लवकर निघून जाते आणि कोलेस्टेरॉल पुन्हा चढतं. दोन्ही औषधं चालू ठेवायची ठरली तर ती एकाच वेळी घ्यायला सांगतात. रिफाम्पिसिननंतर काही तासांनी अ‍ॅटोर्वा घेतली तर तिचं प्रमाण फारच खाली जातं. शिवाय क्षयाच्या काही गोळ्या यकृतावर ताण देतात. त्यामुळे सहा महिन्यांच्या त्या काळात एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी करत राहणं आणि टीबी केंद्रात ‘कोलेस्टेरॉलची गोळीही आहे’ असं सांगणं दोन्ही गरजेचं. फिट्सच्या फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन या गोळ्याही स्टॅटिनचा जोर असाच कमी करतात.

हृदयाच्या औषधांत अम्लोडिपिन ही बीपीची गोळी घरोघरी असते. अ‍ॅटोर्वा किंवा रोसुवासोबत ती बिनधास्त चालते. सिम्वा मात्र तिच्यासोबत २० मिलिग्रॅमच्या वर नको. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल तर सिम्वाची मर्यादा १० वर येते आणि अ‍ॅटोर्वाच्या मोठ्या डोसवरही लक्ष ठेवावं लागतं. हृदयाचे ठोके नीट ठेवणाऱ्या अमिओडेरोनसोबत सिम्वा २० पर्यंतच. स्टेंटनंतर दिली जाणारी टिकाग्रेलॉर असेल तर सिम्वा ४० च्या वर नको, आणि मोठ्या डोसची अ‍ॅटोर्वा किंवा रोसुवा असेल तर स्नायूंच्या दुखण्याकडे दुर्लक्ष नको. टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, पॅरासिटामॉल, पँटोप्राझोल यांची स्टॅटिनशी भांडणं नाहीत.

हृदयाची झडप बदललेल्यांना वॉरफेरिन किंवा अ‍ॅसिनोकुमेरॉल हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असतं. त्यात रोसुवा किंवा सिम्वा नव्यानं सुरू केली, डोस बदलला किंवा बंद केली, तर रक्त जास्त पातळ किंवा कमी पातळ होऊ शकतं. असा कुठलाही बदल झाला की थोड्याच दिवसांत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, करून घ्या. हिरड्यांतून रक्त, काळी शी किंवा अंगावर निळे डाग दिसले तर लगेच दवाखाना गाठा.

ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीसाठी दिलेलं फेनोफायब्रेट स्टॅटिनसोबत देतात, ते डॉक्टरांनी विचार करूनच दिलेलं असतं. जेमफायब्रोझिल हे मात्र वेगळं प्रकरण आहे: सिम्वासोबत बंदी, अ‍ॅटोर्वासोबत टाळायचं, रोसुवा असेल तर १० च्या वर नाही. जुन्या चिठ्ठीवर हे नाव दिसलं तर ती चिठ्ठी पुढे चालवू नका. गाउट या सांधेदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या कोल्चिसिननंही स्नायूंना इजा होते, मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तच. मूत्रपिंडरोपण झालेल्यांच्या सायक्लोस्पोरिनसोबत सिम्वा बंद, अ‍ॅटोर्वा टाळायची आणि रोसुवा ५ च्या वर नाही. एआरटी केंद्रातून एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांनी संकोच न करता तिथेच स्टॅटिनचं नाव सांगावं, कारण रिटोनाव्हिर असलेल्या गोळ्यांसोबत नेहमीचा डोस चालत नाही.

एक साधी, रोजची गोष्ट राहिली: अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असलेलं जेल रोसुवासोबतच घेतलं तर रोसुवाचं रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. गोळी रोज घेऊनही रिपोर्ट हलत नाही, त्याचं एक कारण हे असू शकतं. इथे मात्र वेळेचं अंतर उपयोगी पडतं. आधी रोसुवा घ्या, जेल दोन तासांनी.

तिसरी पायरी: चिठ्ठीवर नसलेल्या गोष्टीही मोजा

गुडघेदुखीसाठी आपल्याकडे गुग्गुळाच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. गुग्गुळ यकृतातल्या विकरांच्या कामात बदल घडवू शकतो, आणि गुग्गुळ घेणाऱ्यात स्नायूंना गंभीर इजा झाल्याचीही नोंद आहे. आयुर्वेदिक औषध घ्यायला माझा विरोध नाही, पण वैद्यांना स्टॅटिन सांगा आणि डॉक्टरांना गुग्गुळ सांगा. ज्या पुडीवर नाव, घटक, कंपनी काहीच छापलेलं नाही आणि दोन दिवसांत सगळं दुखणं पळतं, तिच्यापासून मात्र लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेली सापडतात. स्टिरॉइडनं शुगर चढते आणि स्नायू कमजोर होतात. वेदनाशामकांनी मूत्रपिंडावर ताण येतो. मग त्रास कशानं झाला ते शोधणंही अवघड होतं.

मोबाईलवर जाहिरात पाहून मागवलेल्या ‘नैसर्गिक’ कोलेस्टेरॉल कॅप्सूलमध्ये रेड यीस्ट राइस आहे का ते बघा. त्यातला मोनाकोलिन के हा घटक रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच आहे. म्हणजे पुन्हा दोन स्टॅटिन.

फळांबद्दल खूप विचारलं जातं. इंटरनेटवर ग्रेपफ्रुटची ताकीद वाचून लोक मोसंबी सोडतात. जालना, अंबड, पैठणकडची आपली मोसंबी गोड संत्र्याच्या जातीची आहे, तिला तो नियम लावण्याचं कारण नाही. ग्रेपफ्रुटचा जवळचा नातेवाईक म्हणजे पपनस, जे गणपतीत बाजारात दिसतं. सिम्वा चालू असेल तर पपनस टाळा. अ‍ॅटोर्वावर प्रसादाच्या फोडीनं काही होत नाही, रोज पेलाभर रस मात्र नको. रोसुवाला दोन्हींनी फरक पडत नाही.

दारू रोजची असेल तर यकृत आणि स्नायू दोन्हींचा धोका वाढतो. डॉक्टरांपासून लपवलेली दारू औषधाचा सगळा हिशेब चुकवते, म्हणून खरं सांगा.

चौथी पायरी: अंग दुखतंय ते कामानं की गोळीनं?

हा प्रश्न शेतात राबणाऱ्यांसाठी खरोखर अवघड आहे. कापूस वेचणीनंतर कुणाचं अंग ठणकत नाही? फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. स्टॅटिनचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं: दोन्ही मांड्या, दोन्ही खांदे, दोन्ही पोटऱ्या. एकच गुडघा किंवा एकच टाच दुखत असेल तर कारण बहुधा दुसरं आहे. कामाचं दुखणं दोन-तीन दिवस आराम केला की उतरतं, हे उतरत नाही. नवीन औषध आल्यापासून किंवा डोस वाढल्यापासून काही दिवसांत ते सुरू झालेलं असतं.

घरच्या घरी ताकद अशी बघा. खाली मांडी घालून बसलेल्या माणसाला हात न टेकता उठता येतं का, पूर्वी यायचं का? आईला वेणी घालताना हात वर धरवत नाही असं झालंय का? एसटीची पायरी चढताना दांडा धरून स्वतःला ओढावं लागतं का? दुखण्यापेक्षा अशी कमजोरी जास्त गंभीर समजा.

लघवीचा रंग बघा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लघवी गडद पिवळी होते, पण तांब्या-दोन तांबे पाणी प्याल्यावर फिकी पडते. कोऱ्या चहासारखी तपकिरी लघवी, सोबत अंगात ताकद नाही आणि लघवीचं प्रमाणही कमी, असं असेल तर त्या दिवशीची स्टॅटिन घेऊ नका आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. सोबत सगळ्या स्ट्रिप न्या. डोळे पिवळे होणं, भूक मरणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही यकृताची लक्षणं. तीही त्याच दिवशी दाखवायची.

साध्या दुखण्यासाठी डॉक्टर सीपीके ही रक्ततपासणी सांगतील. ती वरच्या मर्यादेच्या दहापट झाली तर स्टॅटिन थांबवतात. पण जड कामानं किंवा दंडात, कमरेत घेतलेल्या इंजेक्शननंही सीपीके वाढतं, म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत काय काम केलं ते सांगा. थायरॉइडही तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं आणि स्टॅटिनचा स्नायूंवरचा त्रासही वाढतो. टीएसएच या थायरॉइडच्या एका तपासणीनं दोन्ही प्रश्न सुटलेले मी पाहिलेत. वय पासष्टच्या पुढे, अंगानं बारीक, मूत्रपिंड कमजोर, जुनी शुगर, अशांच्या बाबतीत वरचे सगळे नियम जास्त कडक पाळायचे. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं असेल तेव्हाही. गर्भधारणेचा विचार असलेल्या किंवा दिवस गेलेल्या बाईनं गोळीबद्दल लगेच डॉक्टरांशी बोलावं.

पाचवी पायरी: थांबवलेली गोळी पुन्हा सुरू करा

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. क्लॅरिथ्रोमायसिनच्या सात-चौदा दिवसांसाठी डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवायला सांगितली, तर प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला तेवढ्या दिवसांनी सहसा बिघडत नाही. नुकताच अटॅक आला असेल किंवा स्टेंट बसला असेल तर मात्र हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. गोळी थांबवताना विचारा: ‘पुन्हा कधी चालू करायची? तोच डोस की कमी?’ मिळालेली तारीख चिठ्ठीवर त्यांच्याच हातानं लिहून घ्या आणि घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा. इट्राकोनॅझोल असेल तर तारीख कोर्स संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची नसेल, पुढची असेल. क्षयाचा कोर्स संपला की विकर पूर्वपदावर येतो, म्हणून त्या काळात वाढवलेला स्टॅटिनचा डोस तेव्हा कमी करावा लागतो, तोही विचारून घ्या. पुन्हा सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर चार ते बारा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल करा, आणि तो रिपोर्ट दाखवायला जाताना कॅरीबॅग सोबत घ्या, गुग्गुळाच्या डबीसकट.